आता उजवीकडे, आत्तिलियो

कॉफीत किसलेलं चीज पडलं ते हेल्वीच्या हातून. बुधवारचं दुपारचं जेवण आटोपलं होतं, मिनेस्त्रोने सूपच्या बशा उचलून झाल्या होत्या, पण चीजचं भांडं तेवढं टेबलावरच राहिलं होतं, साखरेच्या भांड्याला खेटून. दोन्ही पांढरी, दोन्हींत एकेक चमचा. खाली बंदरातून बोटीचा भोंगा आला, हेल्वीनं खिडकीकडे पाहिलं आणि पाहता पाहता चमचा भरून कपात सोडला. ढवळलं. मग वास आला. क्षणभर तिला त्यात काही चूक वाटलीच नाही, कारण वर उत्तरेत, फिनलंडमधल्या तिच्या गावी, आजी कॉफीत चीजच्या फोडी टाकायची आणि त्या मऊ झाल्या की चमच्यानं काढून खायची. हाताला ते ठाऊक होतं. पण हे जेनोवा होतं, ओरेजीनाच्या चढावरचं कानेपांचं घर, चौथा मजला, आणि इथं पाच महिन्यांत तिनं असली चूक एकदाही केली नव्हती. कुणी पाहिलं का, म्हणून तिनं मान वर केली. सिन्योरा नीवेस सिंकपाशी पाठमोऱ्या होत्या. त्यांची मुलगी मिरेला दर बुधवारी औषधांच्या दुकानातून जेवायला घरी यायची, ती फोनमध्ये बघत होती. समोर घराचे मालक आत्तिलियो बसले होते, सत्याहत्तर वर्षांचे, गुळगुळीत दाढी केलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्यांचा हात चीजच्या भांड्यात होता. त्यांनी चमचा भरला, काठावर सपाट करून घेतला, आपल्या कॉफीत सोडला, ढवळलं, आणि कप उचलून पिऊन टाकला. तोंड वाकडं झालं नाही. कप बशीत ठेवून त्यांनी हेल्वीकडे पाहिलं, आता पुढं काय करायचं असं विचारल्यासारखं.

मिरेलानं ते पाहिलं, हेल्वीचा कपही पाहिला, आणि ती हसायला लागली. "आई, बघ तुझा नवरा. पाहुणीला ओशाळं वाटू नये म्हणून चीज घातलेली कॉफी प्यायला. असे पुरुष आता शोधून मिळायचे नाहीत."

"तुझ्या नवऱ्यानं कप ओतून वर मलाच बोल लावला असता," नीवेस मागं न वळता म्हणाल्या.

आत्तिलियोही हसले. पण मिरेला हसल्यावर, नीवेसच्या बोलण्यानंतर, हेल्वीच्या ओठांवर हसू आलेलं पाहून मग. अर्धा श्वास मागं. तो अर्धा श्वास हेल्वीला लख्ख ओळखू आला, कारण गेले पाच महिने ती स्वतः तेवढीच मागं राहून जगत होती. जुन्या दस्तऐवजांच्या डागडुजीचं काम शिकायला ती जुलैत इथं आली, तेव्हा तिच्या कार्यालयातल्या कुणीतरी सांगितलं होतं की खोली भाड्यानं घेण्यापेक्षा घरात राहा, भाषा येईल. भाषा हळूहळू आली. त्याआधी यावं लागलं ते बाकीचं सगळं. सकाळी खारा फोकाच्चा पाव दुधाच्या कॉफीत बुडवून खायची, आणि बुडवताना चेहऱ्यावर नवल आणायचं नाही. कोशिंबीर आधी नाही, मागून. नीवेस पहिल्यांदा वाढायला आल्या की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा थोडंसं म्हणायचं, तिसऱ्यांदा गप्प बसायचं. ओल्या केसांनी खिडकीपाशी उभं राहायचं नाही. दुपारी दोन ते चार दार वाजवायचं नाही. हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं नीवेसच्या हातांकडे बघून, अर्धा श्वास थांबून, मग स्वतःचा हात हलवून ते घेतलं होतं. या घरात असं जगणारी आपण एकटीच, असं ती समजून होती.

त्या दुपारी ती आपल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून राहिली आणि तिनं स्वतःची समजूत घातली. म्हातारा माणूस. सभ्य माणूस. मिरेला म्हणते तसंच असेल. पण शुक्रवारी मासे होते, आणि मुद्दाम नव्हे, खरंच नव्हे, तिला पाणी प्यायचं होतं म्हणून तिनं काटा खाली ठेवला, तर समोरचा काटा खाली गेला. तिनं पेला उचलला. समोर पेला उचलला गेला. मग मात्र तिनं मुद्दाम केलं. ब्रेडचा तुकडा डाव्या हातानं मोडला, आणि आत्तिलियोंनी उजव्या हातातला ब्रेड डाव्यात घेतला आणि मोडला. त्यानंतर तिनं पुन्हा कधी तशी परीक्षा घेतली नाही, उलट आता ती काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखी जेवायची. प्रत्येक घास नीट, प्रत्येक गोष्ट बरोबर हातात. आपण चुकलो तर चूक दोन ताटांत होईल. आपण एखाद्या दिवशी सुरी चुकीची धरली तर? निम्मं ताट तसंच राहायचं. नीवेस तिच्या बशीत डोकावून म्हणायच्या, "आवडलं नाही का पोरी? की कुणी आहे मनात?" आणि घराबाहेर पडताना स्वच्छ निळ्या आकाशाखाली तिच्या हातात छत्री द्यायच्या, "मानीमान." हा त्यांचा शब्द होता, जेनोवाचाच, न जाणो, असा काहीसा त्याचा अर्थ. दाराला दोन कुलपं, मानीमान. पर्समध्ये लिंबू, मानीमान. हेल्वीला सुरुवातीला तो शब्द गोड वाटला होता. आता तो ऐकला की वाटायचं, या बाईला ठाऊक आहे काय येणार आहे ते.

आणि मग ते तळं आठवायला लागलं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणूनच तिनं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती आठ वर्षांची होती. मार्च महिना, बर्फ सरत आलेलं. सकाळी ती तळ्याच्या काठावर गेली होती आणि तिनं पाहिलं की होड्यांच्या धक्क्यापलीकडे बर्फाचा रंग बदललाय, पांढऱ्याचा राखाडी झालाय, आणि राखाडीत काळं. घरी आली तेव्हा वडील मासेमारीचं सामान घेऊन निघाले होते. त्यांच्या घरात जेवताना, निघताना, कामावर असताना मुलं मधे बोलत नसत. मोठी माणसंही फारशी बोलत नसत. वडिलांनी बूट चढवले, टोपी घातली, आणि ती दारात उभी राहिली तोंडात वाक्य घेऊन. ते गेले. ती खिडकीशी बसली. चार तास. बर्फावरचा वडिलांचा काळा ठिपका कधी दिसायचा, कधी झाडांमागं जायचा. दुपारी ते परत आले, दोन मासे घेऊन, आणि मासे छान होते. काही झालं नाही. काहीच झालं नाही, म्हणून त्या चार तासांतल्या भीतीला कुठं ठेवायचं ते तिला कधी कळलंच नाही; ती तशीच अंगात राहिली, कुठल्याही दारापाशी उभं राहिलं की जागी व्हायची.

पुढच्या गुरुवारी नीवेस केस करून घ्यायला खाली गेल्या होत्या. हेल्वी खोलीत शब्द पाठ करत होती. दारावर टकटक झाली, अगदी हलकी, हॉटेलातला नोकर करतो तशी. बाहेर आत्तिलियो. अंगात कोट, हातात टोपी.

"माफ करा, सिन्योरिना. तुम्हाला त्रास देतोय."

ते तिला तुम्ही म्हणाले. पाच महिने ते तिला तू म्हणत होते, पोरी म्हणत होते, बाजारात ओळखीच्यांना सांगत होते की ही आमची उत्तर ध्रुवावरची लेक. हेल्वी दाराची मूठ धरून उभी राहिली.

"त्या बाई परत कधी येणार, काही कल्पना?"

"कोणत्या बाई?"

"इथं राहतात त्या. फार चांगल्या आहेत, माझी काही तक्रार नाही. पण मला चारला डेपोवर हजर व्हायचंय आणि त्यांना न सांगता निघणं बरं दिसत नाही."

डेपो. चाळीस वर्षं ते बस चालवत होते, आधी डोंगरातल्या गावांकडे, मग शहरातल्या चढांवर, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं. बैठकीच्या खोलीत वर्दीतला फोटो होता. सोडून सोळा वर्षं झाली होती. तिच्याजवळ त्या भाषेत अशा प्रसंगाचं एकही वाक्य नव्हतं. तिनं म्हटलं, "त्या येतील. पाच वाजता येतील. आज सुट्टी आहे."

"आज सुट्टी." त्यांचे खांदे उतरले. ते गेले नाहीत. मग त्यांनी मागं, रिकाम्या बोळात पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हीही इथल्या नाही. माझ्या लक्षात आलंय. मी बघतो तुम्हाला. तुम्हाला सगळं जमतं. कसं जमवता तुम्ही?"

त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते वेड नव्हतं. वेड असतं तर ती इतकी घाबरली नसती. ती भीती होती, साधी, शहाण्या माणसाची, परक्या गावात पाय ठेवलेल्या माणसाची, आणि हेल्वीला तिचा कणनकण माहीत होता. "मी बघते," ती म्हणाली. "दुसऱ्यांकडे बघते."

"हं," ते म्हणाले. "मीही." आणि त्यांनी मान लववली, टोपी घातली, घरातल्या घरात, आणि बैठकीत जाऊन कोटासकट खुर्चीत बसून राहिले. नीवेस आल्या तेव्हा त्यांनी ते पाहिलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "छान, तयारच आहेस. चल, ब्रेड आणू," आणि त्यांना बाहेर घेऊन गेल्या. तो सहजपणा ऐकून हेल्वीच्या मनात पहिल्यांदा आलं की यांना नवऱ्याचं सगळं ठाऊक आहे.

रविवारी ते पक्कं झालं. रविवारी कानेपा कुटुंब वर तोरिल्याला नीवेसच्या थोरल्या बहिणीकडे, पिनुच्चामावशीकडे, जेवायला जायचं. जुनी छोटी हिरवी गाडी, आत्तिलियो चालवायला, शेजारी नीवेस, मागं हेल्वी, आणि सुट्टी असली तर मिरेला. वाटभर नीवेसचं तोंड चालू. आता उजवीकडे, आत्तिलियो. सिग्नल आहे, लाल आहे, थांब. आता सरळ, प्रातो येईल. पुढं सायकलवाला आहे. आता हळू. आता डावीकडे, बोगद्यातून नको, मला बोगदा सोसत नाही, वरून घाटानं जाऊ. मिरेला मागून म्हणाली, "आई, चाळीस वर्षं बस चालवलीय त्यानं. त्याला गाडी शिकवतेस?" नीवेस म्हणाल्या, "म्हणून तर. उतारूंची बडबड ऐकायची सवय आहे त्याला." सगळे हसले. याआधीच्या रविवारी हेल्वीही हसली होती. आज तिनं आत्तिलियोंच्या हातांकडे पाहिलं. सुंदर हात होते, वळणावर चाक हातातून पाण्यासारखं सरकायचं. पण प्रत्येक फाट्यापाशी, नीवेस बोलायच्या आधी, ते हात थांबायचे. अर्धा श्वास. आणि नीवेस बोलल्या की लगेच वळायचे, विचार न करता. एका बाजूला दरी होती. हेल्वीनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली ती तोरिल्या येईपर्यंत सोडली नाही, आणि मावशीच्या घरी अक्रोडाच्या चटणीतले पानसोत्ती, पालेभाजी भरलेला तो पास्ता, तिच्या बशीत तसाच राहिला.

सोमवारी नीवेस स्वयंपाकघरात बेसिलिकोची, इथल्या तुळशीची, पानं खुडत होत्या. हेल्वी मदतीला बसली. वाक्य तिनं सकाळपासून चारदा घोटलं होतं. "सिन्योरा, सिन्योर आत्तिलियोंना बरं नाही."

"पानं लहान घे. मोठ्यांना पुदिन्याचा वास येतो." थोड्या वेळानं म्हणाल्या, "कोण म्हणतं?"

"मी पाहिलं. ते माझं बघून खातात."

"मग नीट खात जा."

हेल्वीला वाटलं आपल्याला भाषा कळली नाही. ती पुन्हा बोलायला गेली, पण नीवेसच बोलायला लागल्या, पानांकडे बघत, भाजीचे भाव सांगावेत अशा आवाजात. "तुला काय वाटलं, त्याच्या समोरची ती खुर्ची तुला उजेड यावा म्हणून दिली? आधी मी बसायचे तिथं. पण मी सारखी उठते, गॅस आहे, भांडी आहेत. मी उठले की तोही उठायचा. मिरेला विचारायला लागली, बाबाला झालंय काय. मग म्हटलं, घरात कुणी परकं माणूस ठेवू. परकी माणसं एका जागी बसून जेवतात. बघून, शिकून, नीट जेवतात. तू तर फारच नीट."

"केव्हापासून?"

"गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून. त्याच्या भावाचंही असंच झालं, त्याला घरच्यांनी संस्थेत ठेवलं होतं. खुर्चीला पट्ट्यानं बांधलेला. आत्तिलियो त्याला बघून आला आणि गॅलरीत दोन तास उभा राहिला. म्हणाला, नीवेस, मला तसं नको. मी म्हटलं, नाही होऊ देणार. झालं."

"पण गाडी..."

"गाडी त्याचे हात चालवतात. रस्ता मी सांगते. दोघांचा मिळून एक माणूस होतो. पुष्कळ घरांत तेवढाही होत नाही."

आणि रस्त्यावरची बाकीची माणसं, हेल्वीला म्हणायचं होतं. घाटातून शाळेची मुलं चालत येतात, त्यांचं काय? पण क्रियापदं जुळेनात, आणि तिच्या तोंडून नुसतं निघालं, "मला भीती वाटते."

"आणि मला नाही वाटत?" नीवेसनी पहिल्यांदाच मान वर केली. डोळ्यांखाली काळं होतं. इतके दिवस ते हेल्वीला म्हातारपण वाटलं होतं. "मिरेलाला सांगशील तर ती योग्य तेच करील. सगळी योग्य तेच करतात. तू पाहुणी आहेस पोरी, महिन्याभरानं जाशील. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं." आणि मग, तसाच हात पुढं करून, त्यांनी तिच्या गालावर थोपटलं, आणि ते थोपटणंच तिला सगळ्यात जास्त घाबरवून गेलं, कारण ते खरं होतं.

मंगळवार, बुधवार. मिरेला जेवायला आली, हसली, तिला एक वाक्य दुरुस्त करून दिलं, गेली. जिन्यापर्यंत हेल्वी तिला पोचवायला गेली आणि दारात उभी राहिली, आणि मिरेला म्हणाली, "काय ग?" आणि हेल्वी म्हणाली, "काही नाही." शुक्रवारी नीवेसचा घसा बसला. शनिवारी आवाज पूर्ण गेला. गरम वाइन झाली, मध झाला, गळ्याला लोकरी फडकं झालं, पण ओठ हलायचे आणि त्यातून फक्त हवा यायची. रविवारी पिनुच्चामावशीचा ऐंशीवा वाढदिवस होता. मिरेलाची दुकानात बारापर्यंत पाळी होती, ती मागून तिच्या गाडीनं येणार होती. हेल्वीला वाटलं, जाणं रद्द होईल. पण साडेअकराला नीवेस कोट घालून उभ्या होत्या, केकचा डबा हातात, आणि त्यांनी एक घडी केलेला कागद तिच्या मुठीत कोंबला. कागदावर ठळक अक्षरांत सगळा रस्ता लिहिला होता. मोलास्साना सरळ. प्रातो सरळ. बार्गाल्यीला उजवा हात धरून. बोगद्याआधी डावीकडे, घाटानं. वर फाट्यावर डावीकडे. त्यांनी पुढच्या सीटकडे बोट दाखवलं. हेल्वीजवळ त्या वेळी तीन वाक्यं तयार होती, तिन्ही बरोबर, तिनं ती मनात तपासली होती. आत्तिलियो गाडीचं दार तिच्यासाठी उघडून उभे होते, वर्दीतल्या माणसासारखे ताठ. ती बसली.

शहर सुटेपर्यंत ठीक गेलं. "सरळ," ती म्हणायची, आणि गाडी सरळ जायची. "लाल," आणि गाडी थांबायची. त्यांनी एकदाही तिच्याकडे वळून पाहिलं नाही, एकदाही विचारलं नाही की नीवेस का बोलत नाही. आपल्या तोंडून पडलेला शब्द दुसऱ्याच्या हातात इतक्या लगेच उतरतो, हे तिनं आयुष्यात कधी अनुभवलं नव्हतं. घरी तिचं कुणी ऐकलं नव्हतं, इथं तिला बोलता येत नव्हतं. आता ती जे म्हणेल ते होणार होतं. बार्गाल्यीच्या पुढं धुकं लागलं. आधी विरळ, झाडांत अडकलेलं, मग घाटाला लागल्यावर काच पुसली तरी न जाणारं. एका वळणावर आत्तिलियोंनी गाडी हळूच कडेला घेतली आणि थांबवली. बाहेर बसच्या थांब्याचा खांब होता, रिकामा. ते थांबून राहिले, आरशात बघत. मागून कुणीतरी भोंगा दिला, एक ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला. "चढले सगळे?" त्यांनी विचारलं. "चढले," हेल्वी म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. मागं नीवेसनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो हात घट्ट, घट्ट होत चालला होता.

फाटा आला तेव्हा तो दिसलाच नाही, नुसता रस्ता रुंद झाल्यासारखा वाटला. हात थांबले. कागदावर डावीकडे लिहिलं होतं. तिला अक्षरं दिसत होती, अर्थ दिसत होता, डाव्या बाजूला पिवळी पाटीसुद्धा धुक्यातून उमटत होती. आणि पाच महिने जे दोन शब्द तिच्या जिभेवर एकमेकांच्या जागी जाऊन बसायचे ते आताही बसले. "उजवीकडे," ती म्हणाली.

गाडी उजवीकडे वळली. अर्ध्या श्वासाचीही वाट न बघता, पूर्ण विश्वासानं. डांबर संपलं, खडी लागली, मागं नीवेसच्या घशातून कसलीशी फाटलेली हवा आली, आणि हेल्वीला पुढं काहीच दिसेना, झाड नाही, कठडा नाही, नुसतं पांढरं. मग आत्तिलियोंचा पाय ब्रेकवर गेला. तिनं सांगितलं नव्हतं. गाडी घसरली, तिरकी झाली, उभी राहिली, आणि तिच्या बाजूच्या पुढच्या चाकाखालून दगड सुटले आणि खाली गेले. त्यांचा आवाज ऐकू यायची ती वाट बघत राहिली. तो आला तेव्हा फार लांबून आला.

"हा रस्ता नाही, सिन्योरिना," आत्तिलियो अदबीनं म्हणाले. त्यांनी मागं बघत, एका हातानं, गाडी अलगद मागं घेतली, डांबराच्या कडेला लावली, हँडब्रेक ओढला. त्यांचे हात स्थिर होते. हेल्वीला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते दुसरंच काही, थंड आणि सरळ. ती म्हणाली, "सिन्योर आत्तिलियो, किल्ली द्या मला."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "शेवटचा थांबा?"

"हो. शेवटचा."

त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली, तिच्या तळहातावर ठेवली. मग ते उतरले, आपलं दार लावलं, टोपी सारखी केली, आणि गाडीच्या मागच्या बाजूनं वळसा घालून आले, कुणी राहिलं तर नाही ना ते बघत. मागचं दार उघडून ते किंचित वाकले. "सिन्योरा, उतरा," ते आपल्या बायकोला म्हणाले. "गाडी पुढं जात नाही."

नीवेस हलल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एका डोळ्यातून दुसऱ्यात, जणू तिथं कुठंतरी तो लपला असेल आणि हाक मारली तर येईल. पण हाक मारायला आवाज नव्हता. हेल्वीनं ओळखलं की आजवर, इतकं सगळं झालं तरी, त्यांनी नीवेसना समोर एकदाही सिन्योरा म्हटलं नव्हतं. मग नीवेसनी केकचा डबा बाजूला ठेवला, आत्तिलियोंनी पुढं केलेला हात धरला आणि उतरल्या. "सावकाश," आत्तिलियो म्हणाले. "ओलं आहे."

हेल्वीनं फोन काढला. मिरेलाचा नंबर लावायच्या आधीच नीवेसची बोटं फोनवर आली, गार, जोराची. दोघी तशाच उभ्या राहिल्या. रागावलेल्या माणसाला कुजबुजताही येऊ नये याच्यासारखी भयंकर गोष्ट हेल्वीनं पाहिली नव्हती. नीवेसचे ओठ म्हणत होते, पाहुणी. पाहुणी. हेल्वी म्हणाली, "मी चुकून उजवीकडे म्हटलं. ते वळले. सिन्योरा, मी काहीही म्हटलं असतं तरी ते वळले असते." व्याकरण सगळं मोडलं होतं. मग नीवेसनी फोन तिच्या हातातून घेतला, स्वतःच आकडे दाबले, आणि तो परत हेल्वीच्या कानाशी धरला.

मिरेला नुकतीच शहराबाहेर पडली होती. हेल्वीनं सांगितलं. चीजपासून नाही, डेपोपासून नाही, ती म्हणाली, "तुझ्या बाबांना रस्ता माहीत नाही. कधीपासूनचा माहीत नाही. सिन्योरा सांगतात. आज मी सांगितला, आणि आम्ही मरता मरता राहिलो." पलीकडे गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला. मग मिरेला अगदी लहान आवाजात म्हणाली, "कुठं आहात?"

कुठं आहोत? हेल्वीनं चहूकडे पाहिलं. धुकं होतं. पाटी दिसत नव्हती, झाडंही नाहीत. नीवेसना आवाज नव्हता. तिनं फोन छातीशी धरून विचारलं, "सिन्योर आत्तिलियो, आपण कुठं आहोत?"

ते रस्त्याच्या कडेला पाठीमागं हात बांधून उभे होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "स्कोफ्फेराच्या खिंडीखाली, दुसरं वळण," ते म्हणाले. "रस्ते दुरुस्तीवाल्यांचं लाल घर आहे तिथं. इथं थांबा नाही, पण म्हातारी माणसं असली की मी थांबतो."

लाल घर कुठंच नव्हतं. हेल्वीनं ते शब्द तसेच मिरेलाला सांगितले. नंतरची चाळीस मिनिटं ती तिघं कडेला उभी होती. हेल्वीला वाटत होतं की मिरेला येणार नाही, ती दुसऱ्याच कुठल्या वळणावर, दुसऱ्या कुठल्या वर्षातल्या लाल घरापाशी जाऊन उभी राहील, आणि अंधार पडेल. नीवेसनी गळ्याचं फडकं काढून आत्तिलियोंच्या गळ्याला गुंडाळलं, ते म्हणाले, "फार उपकार, सिन्योरा." मग वारा फिरला. धुकं एका बाजूनं वर गेलं, आणि पन्नास पावलांवर, रस्त्याला लागून, लाल भिंत दिसली, तिच्यावर उडालेल्या रंगाचा आकडा, बंद खिडक्या. तिच्याच मागून मिरेलाच्या गाडीचे दिवे वळले.

नीवेसनी हेल्वीचा दंड धरला. डोळे भरले होते आणि चेहरा उजळला होता. फाटक्या हवेतून त्यांनी एकेक शब्द ओढून काढला. "पाहिलंस? त्याला माहीत आहे."

"हो," हेल्वी म्हणाली.

मिरेला दार उघडं टाकून धावत आली, दुकानातला पांढरा कोट अजून अंगात. नीवेस दोघींच्या मधे आल्या आणि त्यांनी हेल्वीपुढं हात पसरला, तळवा वर, किल्लीसाठी. पाच महिने त्या हातानं हेल्वीला वाढलं होतं. हेल्वी त्या हाताच्या बाजूनं पुढं गेली आणि किल्ली मिरेलाच्या हातावर ठेवली.